हम्पटाला निघण्याआधी

प्रिय मित्रा,

मनालीजवळच्या हम्पटा पास ट्रेकची तारीख ठरली हे वाचून बरं वाटलं. 'रोज सिंहगड चालू आहे, वेळ बराच खाली आणलाय' हे वाचल्यावर मात्र म्हटलं, नीट सविस्तर लिहावं. सिंहगड सोडू नकोस, उतरताना गुडघे दुवा देतील. पण विरळ हवेला तुझ्या टायमिंगचं काही पडलेलं नसतं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. मनाली गावच दोन हजारांच्या वर. जोबऱ्याला गाडीतून उतरशील तेव्हा तीन हजारांच्या आसपास असशील, आणि पास ४,२७० मीटरच्या घरात. तिथे समुद्रसपाटीच्या मानाने साठेक टक्केच प्राणवायू.

मला ग्रुपमधल्या तगड्या पोरांचीच जास्त काळजी वाटते. सगळ्यांच्या आधी चिकाला, म्हणजे पहिल्या मुक्कामाला पोचायचं, टेंटमध्ये आडवं व्हायचं, संध्याकाळी डोकं धरून बसायचं आणि लीडरला बोलायचं नाही, कारण तो खाली पाठवेल! तू पोचल्यावर झोपू नकोस. जाकीट चढव, थोडं वर फिरून ये, मग टेक. डोकं दुखतंय, घास जात नाही, मळमळतंय, यातलं काहीही झालं तर लगेच सांग. बसल्या जागी धाप लागली, किंवा टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालताना तोल गेला, तर सकाळची वाट पाहायची नाही. सोबत घेऊन खाली उतरायचं. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरांना विचारूनच घे, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांग.

या वाटेवरचा एक फसवा हिशेब लक्षात ठेव. बालू का घेरा या पासआधीच्या मुक्कामी रात्री बरं वाटेनासं झालं की कुणीतरी म्हणतंच, 'उद्या पास ओलांडला की उतारच आहे.' उतार आहे खरा, पण पलीकडचा शिया गोरूचा मुक्काम घेऱ्यापेक्षाही उंचावर आहे. म्हणजे आजारी माणसाला आधी आणखी वर चढवायचं आणि पुढची रात्रही उंचावरच काढायला लावायची. त्याने आलेल्या वाटेनेच परतायचं.

ओढ्यांचंही तसंच. सह्याद्रीत ओढा पावसाने फुगतो, तिथे उन्हानेही. दुपारपर्यंत बर्फ वितळून पाणी चढतं, म्हणून शिया गोरूचा ओढा सकाळीच ओलांडतात. पाणी इतकं गार की दहा पावलांत बोटं आहेत की नाहीत कळत नाही. अनवाणी उतरू नकोस, पट्ट्याच्या सँडल घाल. सॅकचा कमरेचा बेल्ट आधी सोड, म्हणजे पाय सटकलाच तर सॅक टाकता येईल. मोजे कोरडे ठेव.

कपड्यांचं थोडक्यात: सुती टी-शर्ट आणि जीन्स घरी. पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घे, थंडीत चार्जिंग भराभर उतरतं. ट्रेक संपतो त्या छत्रूला उतरलात की पुढे चंद्रताल तलावाला गाडीने जायचा बेत असेलच. रस्ता उघडा आहे का ते मनालीतच विचारून घ्या.

सॅक भरलीस की वजन कळव. बारा किलोच्या वर गेली तर फोन कर, काय काढायचं ते बघू.

तुझा,
दादा