रेड क्लाउडला जाण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या रेड क्लाउड या गावाची लोकसंख्या १९२० साली १,८५६ होती आणि २०२० च्या जनगणनेत ती ९६२ भरली, म्हणजे शंभर वर्षांत गाव जवळपास निम्मे झाले, हे तू पहिल्याच परिच्छेदात मांडले आहेस आणि आकडे बरोबर आहेत. मात्र त्या परिच्छेदाच्या शेवटी ‘मरणपंथाला लागलेले गाव’ असे शब्द आले आहेत, त्यांना माझी हरकत आहे. तुझ्याच वयात मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याही वहीत हेच शब्द उतरले होते, आणि ते चुकीचे का आहेत हे नीट उमगायला मला दोन हंगाम त्या भागातल्या रस्त्यांवर काढावे लागले. तुझे ते दोन हंगाम वाचावेत, म्हणून हे पत्र.

गावाचा आकडा सुटा वाचू नकोस. तो ज्या जमिनीच्या हिशेबातून निघाला, तो हिशेब आधी मांड.

रेड क्लाउड ज्या वेबस्टर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा विभाग) येते, ती साधारण २४ मैल लांब आणि तेवढीच रुंद असा जवळजवळ चौकोन आहे. सरकारी मोजणीदारांनी त्याचे सहा-सहा मैलांच्या टाउनशिपांत आणि प्रत्येक टाउनशिपचे एकेक चौरस मैलाच्या ३६ सेक्शनांत तुकडे पाडले. एक सेक्शन म्हणजे ६४० एकर. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे वस्ती करून जमीन कसणाऱ्याला १६० एकर, म्हणजे बरोबर पाव सेक्शन मिळत असे. कागदावर एका चौरस मैलात चार घरे बसत आणि घरटी पाच माणसे धरली तर वीस. १९१० च्या जनगणनेत या काउंटीची लोकसंख्या सुमारे १२,००० होती आणि क्षेत्रफळ सुमारे ५७५ चौरस मैल, म्हणजे दर चौरस मैलाला सुमारे २१ माणसे. हा भागाकार मी पहिल्यांदा केला, तेव्हा पेन्सिल खाली ठेवून बराच वेळ त्या उत्तराकडे पाहत बसलो होतो. त्या वीस-एकवीसमध्ये गावांतली माणसेही येतात आणि सगळी जमीन काही होमस्टेडमध्ये गेली नव्हती, त्यामुळे हा मेळ तंतोतंत समजू नकोस. तरी ती लोकसंख्या मोजणीदाराच्या साखळीने आखलेल्या मापातच वाढली होती, एवढे त्यावरून दिसते.

आता आजचा हिशेब कर. नेब्रास्कात शेताचे सरासरी क्षेत्र सुमारे १,००० एकर आहे, म्हणजे जिथे चार घरे होती, तिथे एकही पुरते घर उरत नाही. ट्रॅक्टर आले, कापणी-मळणीची यंत्रे मोठी होत गेली, आणि त्या यंत्रांचे कर्ज फेडायचे तर शेजाऱ्याची जमीन विकत किंवा खंडाने घेणे भाग पडले. २०२० मध्ये काउंटीत ३,३९५ माणसे उरली होती, दर चौरस मैलाला सुमारे सहा, म्हणजे दर चौरस किलोमीटरला सुमारे दोन. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हाच आकडा ३६५ आहे. तो मनात ठेवून तिथे गेलीस तर सगळीच वस्ती ओसाड भासेल, म्हणून तो घरीच ठेवून जा.

आता गावाचा आणि काउंटीचा आकडा शेजारी शेजारी ठेव. १९२० मध्ये काउंटीतल्या दर शंभर माणसांपैकी सुमारे १७ रेड क्लाउडमध्ये राहत होती, २०२० मध्ये सुमारे २८. गाव आटले हे खरे, पण भोवतालचा मुलूख त्याहून कितीतरी अधिक आटला आणि त्यात गावाचा वाटा वाढत गेला. १९३० ते १९४० हे दशक तर स्वतंत्र प्रकरणाच्या योग्यतेचे आहे. दुष्काळाच्या आणि धुळीच्या वादळांच्या त्या वर्षांत काउंटीची लोकसंख्या सुमारे १०,२०० वरून ८,१०० च्या आत आली आणि गावाची मात्र सुमारे १,५०० वरून १,६०० च्या वर गेली. शेत सोडणाऱ्या प्रत्येकाने कॅलिफोर्नियाची वाट धरली असे नव्हे, काही कुटुंबे गावाच्या वेशीपर्यंतच आली असावीत. त्या दशकातल्या गणनेच्या याद्या आता खुल्या आहेत. १९४० च्या गणनेत तर पाच वर्षांपूर्वी माणूस कुठे राहत होता, हाही प्रश्न विचारला होता. ते काम चिकाटीचे आहे, पण माझ्या मते तुझ्या प्रबंधाचा गाभा तिथेच आहे.

नैसर्गिक भूगोलावर तू सहा पाने योजली आहेस. त्यांपैकी निम्मी पाणी आणि माती यांनाच दे. रिपब्लिकन नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, गाव तिच्या उत्तरेला आहे आणि कॅन्ससची सीमा दक्षिणेला थोड्याच मैलांवर. वाऱ्याने आणून टाकलेल्या मऊ, पिवळसर लोएस मातीचे चढउतार सगळीकडे आहेत, त्यामुळे ‘सपाट मैदान’ हा शब्द तिथे उभे राहिल्यावर तुलाच पटणार नाही. शंभरावे रेखावृत्त तिथून पश्चिमेला दीडेक अंशावर आहे. त्या रेषेपलीकडे केवळ पावसाच्या भरवशावर शेती करणे फार जोखमीचे, असे परंपरेने मानले जाते आणि रेड क्लाउड त्या जोखमीच्या उंबरठ्यावर आहे. म्हणूनच आज तिथे विमानातून पाहिले तर चौकोनात गोल कोरल्यासारखी शेते दिसतात. विहिरीभोवती फिरणारा सिंचनाचा लांब नळ १६० एकरांच्या चौकोनातले सुमारे १३० एकर भिजवतो आणि कोपरे कोरडे सोडतो. भूगर्भातून उपसलेल्या याच पाण्यामुळे नदीचा प्रवाह घटतो, अशी तक्रार घेऊन कॅन्ससने नेब्रास्काला सर्वोच्च न्यायालयात खेचले. नदीच्या पाणीवाटपाचा करार मात्र कोलोरॅडो, नेब्रास्का आणि कॅन्सस यांच्यात १९४३ मध्येच झाला होता.

सरकारी नोंदींत तुला ‘सिटी’ हा शब्द भेटेल, त्याने गोंधळून जाऊ नकोस. नेब्रास्काच्या कायद्यात आठशेहून अधिक वस्तीचे गाव ‘सिटी’ ठरू शकते. आपल्या जनगणनेत शहर म्हणवून घ्यायला किमान ५,००० लोक लागतात आणि शिवाय घनतेची व बिगरशेती कामगारांची अट असते. रेड क्लाउड हे काउंटीचे मुख्यालय आहे, तिथे न्यायालय आहे, आणि लेखिका विला कॅथर यांचे बालपण तिथे गेल्यामुळे त्यांच्या नावाचे संग्रहालय व जपलेली जुनी घरे पाहायला लांबून लोक येतात. हजाराच्या आतल्या वस्तीला एवढा आधार क्वचितच लाभतो.

आराखड्यातली सर्वांत मोठी उणीव मात्र निराळी आहे आणि ती मी मोकळेपणाने सांगतो. तुझा इतिहास १८७१ मध्ये गाव वसल्यापासून सुरू होतो. या खोऱ्यात त्याआधी पावनी या मूळ रहिवासी जमातीची मातीच्या घरांची मोठी गावे होती. १८०६ मध्ये अमेरिकी लष्करातला झेब्युलन पाइक ज्या पावनी गावात पोहोचला, त्याची जागा याच काउंटीत सापडली आहे. १८३३ च्या तहाने पावनींनी प्लॅट नदीच्या दक्षिणेची जमीन सोडली आणि १८७० च्या दशकाच्या मध्यात त्यांना नेब्रास्काही सोडून आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. गावाला नाव मिळाले ते लाकोटा या दुसऱ्या मूळ रहिवासी जमातीच्या नेत्याचे, आणि लाकोटा तर पावनींचे जुने वैरी. १८७३ च्या ऑगस्टमध्ये याच नदीच्या खोऱ्यात, पश्चिमेला, लाकोटांनी पावनींच्या शिकारी तांड्यावर केलेल्या हल्ल्यात बायकामुलांसह अनेक जण मारले गेले. त्यामुळे लोकसंख्येच्या तुझ्या तक्त्यातली पहिली ओळ ‘शून्य’ अशी ठेवू नकोस. तिथे पावनींचा उल्लेख कर, मग पुढे जा.

जायचे तर सप्टेंबरच्या शेवटी जा. गावाच्या दक्षिणेला सहाशे एकरांहून थोडा अधिक असा न नांगरलेला गवताळ माळ राखून ठेवला आहे. त्या सुमारास तिथले बिग ब्लूस्टेम गवत तांबूस झालेले असते आणि त्याचा तुरा पक्ष्याच्या पावलासारखा तीन बोटांत फाकलेला असतो. एक काडी हातात धरून पाहा, नांगरापूर्वी सगळी काउंटी कशी होती याची थोडी कल्पना येईल.

मग गाडी घेऊन खडीच्या रस्त्यांवर ये. तिथे मैलामैलावर चौक लागतो. प्रत्येक चौकात थांबून चारी दिशांना बघ. मक्याच्या शेतात मधेच सीडारच्या झाडांची एक ओळ दिसेल, तिच्या आड कधी लायलॅकची झुडपे असतील, क्वचित पवनचक्कीचा लोखंडी सांगाडा, आणि घर मात्र नसेल. वारा अडवायला ती झाडे कोणीतरी हाताने लावली होती. नकाशावर अशा प्रत्येक जागेवर एक टिंब दे आणि जिथे आजही दिवा लागतो, तिथे वर्तुळ काढ. एक टाउनशिप, म्हणजे ३६ सेक्शन, एवढे पुरे. चार दिवसांत होईल. तो नकाशा मला पाठव, मग पहिला परिच्छेद पुन्हा कसा लिहायचा ते आपण बसून ठरवू.

तुझा,
सर