हेडसेट लावल्यावर तोच अपघात परत बघायला लागणार का?

"मॅडम, जे विसरायला ती वर्षभर धडपडतेय तेच तुम्ही तिला परत डोळ्यांसमोर दाखवणार? आणखी बिघडली तर?" माझ्याकडे थेरपीसाठी आलेल्या एका पेशंटच्या मोठ्या भावाने पहिल्याच भेटीत विचारलं. व्हीआरचं, म्हणजे हेडसेट लावून बघायच्या आभासी जगाचं (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी), नाव काढलं की बहुतेक घरांतून हाच प्रश्न येतो आणि तो मायेपोटीच येतो, म्हणून मी तो कधीच घाईत उडवून लावत नाही.

तिच्याबद्दल सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत. रात्री पावसात गाडी चालवताना बाजूने ट्रक धडकला. हाडं जुळली, पण ती पुढच्या सीटवर बसेना, मग गाडीतच बसेना, मग पाऊस असला की घराबाहेरच पडेना, हॉर्न ऐकला की घाम फुटायचा, रात्री दचकून उठायची. घरच्यांनी तिला या सगळ्यापासून जपलं, आणि पीटीएसडीत, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात ठाण मांडणाऱ्या त्रासात, नेमकी इथेच गाठ बसते, कारण टाळलं की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं आणि मन समजतं की टाळलं म्हणूनच वाचलो, मग पुढच्या वेळी आणखी एक गोष्ट टाळायची.

यावर प्रोलाँग्ड एक्सपोजर नावाची थेरपी आहे, एड्ना फोआ यांनी विकसित केलेली, साधारण 8 ते 15 सेशन्सची. डोळे मिटून तो प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायचा आणि टाळलेल्या गोष्टींना हळूहळू सामोरं जायचं. पण ही सांगायची तर पंचनामा वाचल्यासारखं, ट्रक आला, धडकला, मग हॉस्पिटल. आवाजात काहीच नाही. अशा वेळी व्हीआर कामी येतं. हे काही कालचं खूळ नाही बरं का, व्हिएतनाम युद्धातून आलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत अटलांटामध्ये 1997 लाच असं आभासी जंगल आणि हेलिकॉप्टर तयार केलं होतं.

भावाला मी सांगितलं, तिच्या सीनमध्ये अपघात नाहीच. गाडी आहे, रस्ता आहे, आणि पाऊस, अंधार, ट्रॅफिक किती ते माझ्या हातात, थांबवायचं कधी ते तिच्या हातात. हेही सांगितलं की सुरुवातीला काहींची झोप थोडे दिवस जास्त बिघडते, तसं झालं तर लपवू नका, मला कळवा.

पहिल्या दिवशी नुसती उभी गाडी, इंजिन बंद. भीती 0 ते 100 मध्ये किती, विचारलं तर 70. काही न करता तशीच बसून राहिली, वीसेक मिनिटांनी 40. मग इंजिन, मग दिवसाचा रस्ता. सगळं छान चाललंय बघून एकदा मी रात्र आणि पाऊस एकदमच लावले आणि ती गप्प झाली, आकडा सांगेना, नजर एका जागी खिळलेली. लगेच हेडसेट काढला, पाय जमिनीवर टेकवायला लावले, खोलीतल्या वस्तूंची नावं घ्यायला सांगितली. यात भीती उतरत नसते, मन तिथून निघून गेलेलं असतं आणि अशा अवस्थेत माणूस काहीच शिकत नाही. घाई माझी झाली होती, तसं मी तिला सांगितलंही.

पुढच्या वेळी पाऊस दिवसाच, आणि वायपर ती "सुरू करा" म्हणेपर्यंत बंद. बऱ्याच वेळाने म्हणाली. दोन-चार फेऱ्या झाल्या आणि तिला रडू फुटलं. धडकेनंतर ती आत अडकलेली असताना वायपर तसेच चालू राहिले होते, हे तिने कोणालाच कधी सांगितलं नव्हतं. "मी हाका मारतेय, कोणी येत नाहीये," ती आत्ता घडत असल्यासारखं बोलत होती. मग हेडसेट बाजूला ठेवून आम्ही बराच वेळ बोललो, "माझंच लक्ष नव्हतं" हा जो आरोप ती स्वतःवर ठेवत होती त्यावर. माझ्या मते थेरपी ही, यंत्राने फक्त दार उघडलं.

म्हणून ज्यांच्या जवळपास व्हीआर नाही त्यांनी खचून जायचं कारण नाही. 2016 मध्ये 162 अमेरिकन सैनिकांवरचा एक अभ्यास आला, त्यात उपचाराची वाट बघणाऱ्यांपेक्षा दोन्ही पद्धती सरस ठरल्या, पण व्हीआर साध्या प्रोलाँग्ड एक्सपोजरपेक्षा वरचढ ठरलं नाही, उलट काही महिन्यांनी साधी पद्धतच पुढे होती. आणि घरी हेडसेट आणून अपघाताचे व्हिडिओ लावून बघणं, हे कृपा करून करू नका. फिट्स येत असतील, भान हरपत असेल, जीव द्यायचे विचार येत असतील तर ते थेरपिस्टला आधी सांगा.

शेवटची सेशन्स हेडसेटशिवाय झाली. भावाची खरी गाडी, ती पुढच्या सीटवर, मी मागे, बाहेर रिमझिम. तिचा उजवा पाय अजून नसलेला ब्रेक दाबत होता. आकडा विचारला तर 35. काच धूसर झाली तसा भावाने हात पुढे नेला आणि मध्येच थांबून तिच्याकडे बघितलं, "लावू का?"

"लाव दादा."