मॉड्यूल बदललं आणि लाइन १०० मीटरनं वाढली

प्रश्न : ओटीडीआरमध्ये (फायबरची लांबी आणि दोष शोधणारं यंत्र) दुसरं मॉड्यूल टाकल्यापासून ८ किलोमीटरची लाइन ८.१ दाखवते. ४० मीटरवरचा जॉइंटही दिसत नाही. स्क्रीनवर नेमकं काय तपासायचं? (एक टेक्निशियन, ऐरोली)

उत्तर : स्क्रीन एक असली तरी तिच्यावर दोघांचे आकडे असतात : मूळ यंत्राचे, म्हणजे मेनफ्रेमचे, आणि त्यात बसवलेल्या मॉड्यूलचे. तारीख, बॅटरी, मेमरी मेनफ्रेमची. वेव्हलेंथ, पल्स, रेंज आणि आयओआर मॉड्यूलच्या मापनाचे. मॉड्यूल बदलल्यावर हे चार आकडे जुनेच असतील असं धरून चालू नका.

तुमचा संशयित आयओआर, म्हणजे फायबरचा अपवर्तनांक. यंत्र परतीच्या प्रकाशाचा वेळ मोजतं आणि या आकड्यावरून अंतर काढतं. नेहमीच्या सिंगल मोड फायबरला १५५० नॅनोमीटरवर तो साधारण १.४६८२ असतो. तिथं १.४५०० पडला असेल तर ८ किलोमीटरचे बरोबर ८.१ होतात. ठाणे-बेलापूर रोडवर १०० मीटर चुकणं म्हणजे भलतीकडेच खड्डा! केबलच्या कागदावरचा आकडा घाला.

मात्र एक पडताळा आधी घ्या. लाँच केबलची, म्हणजे यंत्र आणि लाइन यांच्यामध्ये जोडलेल्या जादा फायबरची, लांबी वजा व्हायची राहिली तरी असाच फरक पडतो. म्हणून ४ किलोमीटरच्या आसपासचा ओळखीचा जॉइंट बघा. तिथं ५० मीटरचा फरक असेल तर आयओआर चुकलाय. तिथंही १०० असेल तर लाँच केबल.

जवळचा जॉइंट पल्समुळे, म्हणजे यंत्र सोडतं त्या प्रकाशाच्या झोतामुळे, लपतो. १ मायक्रोसेकंदाची पल्स ट्रेसवर (स्क्रीनवरच्या आलेखावर) सुमारे १०० मीटर जागा व्यापते, १० नॅनोसेकंदाची १ मीटर. ऑटो मोड लांब लाइन बघून रुंद पल्स घेतो आणि ४० मीटरवरचं सगळं सुरुवातीच्या उंचवट्यात बुडतं. मॅन्युअलमध्ये जाऊन १० ते ३० नॅनोसेकंद ठेवा, लाँच केबल लावा. या पल्सवर शेवटचा भाग खरखरीत येईल, त्यासाठी रुंद पल्सचा वेगळा ट्रेस घ्या. ॲव्हरेजिंगचा वेळ चौपट केला तर दीड डीबीच (डेसिबल) हाती लागतात, तेव्हा नुसता वेळ वाढवत बसू नका. तरीही टेबलात जॉइंट नसेल तर थ्रेशोल्ड, म्हणजे यादीत येण्यासाठी लागणारा किमान लॉस (प्रकाशाची घट), पाहा : तो ०.१ डीबी असेल तर ०.०५ चा जॉइंट यादीत येणारच नाही.

प्रश्न : एकाच जागी १३१० नॅनोमीटरवर ०.०५ डीबी आणि १५५० वर ०.४ लॉस. मॉड्यूल बिघडलंय का? (वागळे इस्टेट, ठाणे)

उत्तर : नाही, तिथं फायबर वाकलेली आहे. वाकण्याचा लॉस लांब वेव्हलेंथला जास्त बसतो. चांगल्या स्प्लाइसचा (फायबरच्या जोडाचा) दोन्हीकडे जवळपास सारखा येतो. त्या अंतरावरचा जॉइंट बॉक्स उघडा आणि ट्रेमधला सगळ्यात लहान वेटोळा मोकळा करा.