एनसीआरबीचा अहवाल हातात आला की

आकडे बघून लगेच बातमी ठोकू नकोस. एनसीआरबी म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग. दिल्लीची ही संस्था १९८६ची, 'क्राइम इन इंडिया' हा तिचा दरवर्षीचा गुन्हे अहवाल मात्र १९५३ सालापासूनचा. आकडे ती स्वतः गोळा करत नाही. पोलीस ठाण्यात नोंदलेले गुन्हे राज्यांमार्फत तिच्याकडे जातात. म्हणजे आकडा नोंदीचा असतो, घडलेल्या गुन्ह्यांचा नव्हे. केरळचा गुन्ह्यांचा दर दरवर्षी चढा दिसतो, कारण तिथे तक्रार लिहून घेतात. 'सर्वांत असुरक्षित राज्य' हा मथळा तिथेच बारगळतो. (संपादकाला तो हवा असतो, ते वेगळं.)

दुसरं, एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी मोजतात एकच, सर्वांत जबर शिक्षेचं. घरफोडी करताना खून झाला तर नोंद खुनात; घरफोडीच्या रकान्यात ती सापडणार नाही. त्यामुळे छोट्या गुन्ह्यांची बेरीज नेहमी थोडी कमीच भरते.

नुसती संख्या देऊ नकोस, लाख लोकसंख्येमागचा दर बघ. महिलांवरच्या गुन्ह्यांत हा दर लाख महिलांमागे काढतात. लोकसंख्याही अंदाजित असते, २०११नंतरच्या जनगणनेचे आकडेच आलेले नाहीत. दोषसिद्धीची टक्केवारी निकाल लागलेल्या खटल्यांवर असते, दाखल गुन्ह्यांवर नाही. इथे भलेभले फसतात.

शेतकरी आत्महत्या या अहवालात शोधू नकोस. त्या अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांच्या वेगळ्या अहवालात असतात. तिथे शेतकरी आणि शेतमजूर असे दोन रकाने आहेत, विदर्भावर लिहिताना दोन्ही बघ. तुरुंगांचा तिसरा अहवाल.

आणि तळटीपा आधी वाच.