प्रवासबंदीने सामान्य माणसाचं नेमकं काय बिघडतं?

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकेने जून २०२५ मध्ये १२ देशांच्या नागरिकांना प्रवेश बंद केला, आणखी ७ देशांवर काही बंधनं घातली, भारत त्या यादीत नाही, मग अशा बंदीने सामान्य माणसाचं एवढं काय बिघडतं? फिरायला जायचा बेत रद्द होतो, एवढंच ना?

मी पुण्यात व्हिसाचे अर्ज भरून देण्याचं काम करते. फिरायला निघालेली माणसं माझ्याकडे येतातच, पण बंदीने त्यांचं फारसं अडत नाही. ती या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी जातात. अडतं ते ज्यांचं आयुष्य दोन देशांत वाटलेलं आहे त्यांचं. बंदी कागदावर येणाऱ्यावर असते, पण तिच्यात आधी सापडतो तो तिथे राहत असलेला माणूस. त्याला घरी यायला कोणीच मनाई करत नाही. परत जाता येईल का, हे मात्र कोणी सांगत नाही. नोकरी तिकडे, भाड्याचं घर तिकडे, मुलांची शाळा तिकडे. मग तो येतच नाही. आणि न आलेल्या माणसाची नोंद कुठल्याही सरकारकडे नसते.

२०२१ चा उन्हाळा आठवून बघा. तेव्हा यादीत आपणच होतो. कोरोनाच्या साथीमुळे अमेरिकेने ४ मे २०२१ पासून भारतातून येणाऱ्यांना प्रवेश बंद केला आणि तो ८ नोव्हेंबरला उघडला. नागरिक आणि ग्रीन कार्डवाले सुटले. एच-वन-बी, म्हणजे तिथल्या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर असणारे बहुतेक जण सुटले नाहीत. त्याच्या आधीही, जून २०२० ते मार्च २०२१ या काळात, त्यांना नवीन व्हिसा मिळणं जवळपास बंदच होतं. कोथरूडच्या एका काकूंचा मुलगा न्यू जर्सीत आहे. एप्रिलमध्ये वडील हॉस्पिटलमध्ये, मुलाच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली. आला असता तर वडिलांना भेटला असता, पण परत जायला लागणारा व्हिसाचा नवीन शिक्का कधी मिळेल हे सांगायला कोणी नव्हतं. तो आला नाही. सगळं पुतण्याने केलं. काकू माझ्याकडे आल्या त्या नंतर, सोसायटीचे शेअर्स आणि बँकेचे कागद घेऊन, कारण मुलाच्या सह्या हव्या होत्या आणि त्या वकिलातीतून साक्षांकित करून आणायच्या होत्या. "त्याला दोष देऊ नका हं," असं त्या मला दोनदा म्हणाल्या. मी काहीच म्हटलेलं नव्हतं. बहुधा घरातलं कोणीतरी म्हणालं असावं.

ऑस्ट्रेलियाची बंदी मला सगळ्यांत जवळून बघायला मिळाली, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. २० मार्च २०२० ला त्यांनी सीमा बंद केली. नागरिक आणि कायमचे रहिवासी यांना परत येता येत होतं, पण देश सोडायचा तर त्यांनाही परवानगी लागत होती. तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना जाता येत होतं, परत यायला मात्र सूट मागावी लागे. नागरिकांचं जवळचं कुटुंब आत येऊ शकत होतं. आता हे जवळचं कुटुंब म्हणजे कोण? नवरा-बायको, अवलंबून असलेली मुलं, कायदेशीर पालक. मोठ्या झालेल्या मुलांचे आई-वडील त्यात नव्हते!

साताऱ्याच्या एक बाई होत्या, मुलगी मेलबर्नला, पहिलं बाळंतपण. आईने जायचं हे आपल्याकडे ठरवावंही लागत नाही. व्हिसा पासपोर्टवर आधीच मिळालेला होता, डिंक-खारीक आणून ठेवलेली. आम्ही सूट मिळावी म्हणून अर्ज केला: मुलीच्या डॉक्टरांचं पत्र, मुलीचा जन्मदाखला, तिथे मदतीला दुसरं कोणी नाही असं जावयाचं निवेदन. नकार आला. पुन्हा केला, पुन्हा नकार. मोठ्या झालेल्या मुलांच्या आई-वडिलांना कुटुंबात धरायचा निर्णय १ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झाला. तोवर नात चालायला लागली होती आणि बाईंच्या व्हिसाची मुदत उलटून गेली होती. मग नव्याने फी, नव्याने वैद्यकीय तपासणी.

त्यातच ३ मे २०२१ पासून ऑस्ट्रेलियाने असा हुकूम लागू केला की गेल्या १४ दिवसांत भारतात राहिलेला माणूस देशात आला तर त्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि ६६,६०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. हे त्यांच्याच नागरिकांनाही लागू होतं. १५ मेपर्यंतच तो हुकूम चालला आणि त्याखाली कोणाला तुरुंगात टाकलं असं झालं नाही, तरी तो ऐकून इथे अडकलेल्या कुटुंबांच्या पोटात जो गोळा आला तो मी पाहिला आहे. साथ थोपवायला काही दिवस दार लावणं मला समजतं. पण अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये साथ शिगेला होती तेव्हा तिथून परतणाऱ्या ऑस्ट्रेलियन नागरिकांना कैदेची भीती घातली गेली नव्हती. हा फरक भारतीय वंशाच्या लोकांच्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जाऊ नये असं मलाही वाटतं.

विद्यार्थ्यांचं दुःख वेगळं असतं. त्यांची वर्षं जातात. चीनमध्ये एमबीबीएस करणारी मुलं २०२० च्या जानेवारीत सुट्टीला किंवा साथीच्या भीतीने घरी आली. मार्चअखेर चीनने परदेशी लोकांना दार बंद केलं. तेव्हा तिथल्या विद्यापीठांत आपली २३ हजारांच्या आसपास मुलं नाव घालून होती. दार उघडलं ते ऑगस्ट २०२२ मध्ये. मधली अडीच वर्षं ही मुलं लातूरला, जळगावला, नगरला घरात बसून लॅपटॉपवर शरीरशास्त्र शिकली, फी मात्र भरत राहिली. इकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सांगितलं की निव्वळ ऑनलाइन वैद्यकीय शिक्षण आम्हाला मान्य नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! शेवटी जुलै २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर, शेवटच्या वर्षाला असलेल्या आणि ३० जून २०२२ पर्यंत प्रमाणपत्र मिळालेल्या मुलांना इथली परीक्षा द्यायची मुभा मिळाली, पण एका वर्षाऐवजी दोन वर्षं इंटर्नशिप करायच्या अटीवर. जी मुलं तिसऱ्या-चौथ्या वर्षाला होती त्यांना तेवढंही मिळालं नाही. घरं गहाण टाकून शिकायला पाठवलेली मुलं होती ही. बँकेच्या हप्त्याला सीमा बंद असल्याचं कारण चालत नाही.

धंद्याबद्दल लोकांना वाटतं की मीटिंग व्हिडिओवर होतात, माल जहाजाने जातो, माणसाने कशाला जायला हवं? याला आपल्या हापूसचंच उत्तर आहे. अमेरिकेत आंबा पाठवायचा तर त्यावर आधी विकिरण प्रक्रिया, म्हणजे किरणांचा मारा, करावी लागते; त्याने फळातल्या माशीची अंडी-अळी निकामी होते. ही सोय वाशीला पणन मंडळाकडे आहे, लासलगावलाही आहे. २००७ मध्ये अमेरिकेचा बाजार आपल्याला उघडला तो याच अटीवर, आणि शिवाय त्यांच्या कृषी खात्याचा निरीक्षक इथे येऊन समोर उभा राहून ती प्रक्रिया बघणार, या बोलीवर. २०१९-२० या वर्षात १,०९५ टन आंबा तिकडे गेला. मग प्रवासावर बंधनं आली, निरीक्षक येऊ शकला नाही आणि २०२० आणि २०२१ हे दोन्ही हंगाम अमेरिकेची निर्यात बंद पडली. आंब्यावर बंदी नव्हती, कारखाना चालू होता, विमानात माल चढवता येत होता. एक माणूस येऊ शकत नव्हता, एवढ्यावर सगळं थांबलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये दोन्ही सरकारांची बोलणी होऊन देखरेखीचं काम टप्प्याटप्प्याने आपल्या कृषी खात्याकडे द्यायचं ठरलं, तेव्हा कुठे २०२२ ला पेट्या निघाल्या. या निर्यातीसाठी बागेची नोंदणी करायची, फवारणीचा हिशोब ठेवायचा, एकसारखी फळं निवडायची, असा सगळा खर्च बागायतदार आधीच करून बसलेला असतो. झाडावरचा आंबा कोणाच्या परवानगीसाठी थांबत नाही. तो मग स्थानिक बाजारात मिळेल त्या भावाला जातो.

आता तुमच्या प्रश्नातल्या त्या वाक्याकडे येते, की भारत यादीत नाही. यादी बदलते हे वर आलंच. पण आपणही याद्या केल्या आहेत. मार्च २०२० मध्ये भारताने व्हिसे स्थगित केले, त्यात ओसीआय कार्डवाल्यांची, म्हणजे परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची, व्हिसाशिवाय येण्याची सवलतही गेली. त्यामुळे आई-वडील भारतीय, पण बाळ अमेरिकेत जन्मलेलं म्हणून अमेरिकी पासपोर्टवर, अशा कुटुंबांना मे महिन्यात परतीच्या खास विमानांत बसता येईना. आईला जागा होती, तान्ह्या बाळाला नाही. २२ मेला नियम सैल केला. दुसरं उदाहरण तर पुण्याचंच आहे, कारण इथे अफगाणिस्तानची बरीच मुलं शिकतात. काबूल तालिबानच्या हातात गेल्यावर २५ ऑगस्ट २०२१ ला आपल्या सरकारने देशाबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे आधीचे सगळे व्हिसे रद्द केले आणि नव्याने ई-व्हिसा काढायला सांगितलं. जी मुलं तेव्हा पुण्यात होती ती राहिली. ऑनलाइन वर्ग चालू आहेत म्हणून घरी गेलेली मुलं तिकडेच अडकली, त्यांच्यापैकी कितीतरी जणांचे अर्ज उत्तराविना पडून राहिले. सुरक्षेची काळजी खोटी नव्हती. पण दोन वर्षं आपल्याच विद्यापीठात हजेरी लावलेल्या मुलीची माहिती सरकारकडे आधीपासून असते, तिच्यापुरता तरी वेगळा विचार करता आला असता असं माझं स्पष्ट मत आहे.

बंदीला शेवटची तारीख नसते, याचा त्रास बंदीपेक्षा जास्त होतो. एक वर्ष म्हणून सांगितलं तर माणूस वर्षाची सोय लावतो: आईला भावाकडे ठेवतो, मुलगा दुसरं काही शिकायला लागतो. महिन्या-महिन्याने वाढवत नेलं की घरं तिष्ठत राहतात.

तुमच्या घरातलं कोणी बाहेर असेल म्हणून कामाचं तेवढं सांगते. बंदीची बातमी आली की आधी सवलतींचं कलम वाचा, कारण खरा निकाल तिथे असतो: कुटुंबात कोणाला धरलंय, विद्यार्थ्यांना धरलंय का, आधी मिळालेला व्हिसा चालतो का. २०२५ च्या त्या अमेरिकी हुकुमात आधी दिलेले व्हिसे रद्द केले नव्हते, हे अनेकांना ठाऊकच नव्हतं. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली असेल तर परतीचा शिक्का कुठे आणि किती दिवसांत मिळेल याची चौकशी केल्याशिवाय लग्नकार्यालासुद्धा निघू नका. विद्यापीठाकडून किंवा कंपनीकडून जे काही तोंडी सांगितलं जाईल ते मेलवर मागून घ्या. आणि आई-वडिलांचे जन्म-विवाहाचे दाखले, नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र यांच्या प्रती दोन्ही देशांत ठेवा. सूट मागायची वेळ येते तेव्हा नातं सिद्ध करायला लागतं, आणि आपल्याकडे आईचं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर असतं.