कुठून मोडला?

"मॅडम, काही बिघडलं की हा फेकून देतो, पुन्हा हात लावत नाही. पुढे कसं व्हायचं याचं?" तिसरी-चौथीतल्या मुलांच्या आया हा प्रश्न माझ्याकडे सतत घेऊन येतात. त्यातल्याच एका मुलाची ही गोष्ट, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून.

शाळेत आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल करून न्यायचा होता. यानं केला, पण फेव्हिकॉल वाळायच्या आतच उचलून पाहिला आणि पूल मधोमध वाकला. तो कचऱ्याच्या डब्यात टाकून पोरगं पलंगाखाली जाऊन बसलं. बाबांनी रात्री जागून नवा केला, सुबक, रंगवलेला. त्याला वर्गात पहिला नंबर मिळाला आणि दुसऱ्या दिवसापासून मुलाच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

मी त्याला एकट्याला विचारलं तेव्हा बराच वेळ तो अंगठ्यावरचं काहीतरी खरवडत बसला. मग म्हणाला, "बाई म्हणाल्या, कसा केलास ते सगळ्यांना सांग."

बाबांनी केलं ते प्रेमापोटीच. पण मुलाला त्यातून एवढंच कळलं की, आपलं मोडलेलं घरात कुणाला बघवत नाही. मोडल्यावर पुढं काय करायचं असतं, हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

पुढच्या भेटीत मी दोन पुस्तकं वीतभर अंतरावर ठेवली, वर एक कोरा कागद, आणि त्याच्या हातात रुपयाची नाणी दिली. दुसऱ्याच नाण्याला कागद खाली आला. त्यानं चटकन माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कुठून वाकला?" त्याला हा प्रश्न नवा होता. मग त्याच कागदाच्या आम्ही पंख्यासारख्या घड्या घातल्या. तेवीस नाणी राहिली! चोविसाव्याला कोसळला तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "मधून."

नंतर काड्या. चार काड्यांची टोकं टाचण्यांनी जोडून चौकोन केला, बोटानं ढकलला की कलंडायचा. एक तिरकी काडी लावून दोन त्रिकोण केल्यावर तो हलेना. "बाबांच्या पुलाला अशा तिरक्या काड्या होत्या," तो म्हणाला. "मला वाटलं डिझाइन आहे."

"मोठ्या माणसांचे पूल मोडतात का?" असंही त्यानं विचारलं. मी त्याला अमेरिकेतल्या टॅकोमाच्या झुलत्या पुलाची हकिकत सांगितली. १ जुलै १९४० ला खुला झाला आणि ७ नोव्हेंबरला ताशी साधारण ६४ किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून खाली पडला. माणूस एकही गेला नाही, एक कुत्रा मात्र गाडीत अडकून गेला. आधी कुत्र्याबद्दल बोलून झालं. मग हळूच, "इंजिनिअरला खूप रागावले असतील ना?" मी सांगितलं की, पडतानाचं चित्रीकरण लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिलं, प्रतिकृतींवर वारा सोडून तपासलं आणि १९५० मध्ये तिथंच नवा पूल उभा राहिला.

आईबाबांना मी एकच काम दिलं. रविवारी पूल करायला सोबत बसायचं, पण हात लावायचा नाही, आणि मोडला तर "का मोडलास?" नव्हे, "कुठून मोडला?" असं विचारायचं. बाबांना ते फार जड गेलं. दोनदा हात पुढे गेला, असं त्यांनीच सांगितलं. "काही होत नाही रे" हेसुद्धा मी बंद करायला लावलं. मुलाला काहीतरी झालेलं असतं.

शाळेत बाईंना खरं सांगायला तो आईसोबत गेला. पोटदुखी दोन आठवड्यांत थांबली. (असं दुखणं लांबलं, किंवा मूल स्वतःलाच मारून घेऊ लागलं, तर मात्र घरी वाट बघू नका, दाखवायला या.)

शेवटच्या भेटीला तो पिशवीतून पूल घेऊन आला. वाकडा, फेव्हिकॉलचे ओघळ तसेच. माझ्या टेबलावर त्याला डबा टांगून पाणी ओतत राहिला, काड कन आवाज येईपर्यंत. मग ओल्या बोटानं जागा दाखवली, "इथून. इथं एकच काडी होती." आणि दोन्ही तुकडे पुसून पुन्हा पिशवीत ठेवले.