वाचकांचे प्रश्न : सोयाबीनचे रोग आणि विद्यापीठातले शिक्षण

प्रश्न : आमची शेती सांवेरजवळ आहे. मुलगी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असून तिला वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. करायचे आहे. फवारणीचे वेळापत्रक दुकानदारही सांगतो. मग दोन वर्षे तिथे वेगळे काय शिकवतात?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : फवारणीच्या आधीचे, म्हणजे रोग नेमका कशामुळे झाला हे ओळखायला शिकवतात, आणि नेमके तेच दुकानात मिळत नाही. रोगट झाडातून जंतू वेगळा काढून वाढवणे, तो निरोगी रोपावर सोडून तीच लक्षणे उमटतात का हे पाहणे आणि त्या रोपातून तोच जंतू पुन्हा मिळवणे, ही जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखची कसोटी विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने पार पाडावी लागते. सोयाबीनचा पिवळा मोझॅक (पानांवर पिवळे चट्टे पाडणारा रोग) विषाणूजन्य असून पांढरी माशी तो पसरवते. त्यामुळे त्यावर बुरशीनाशक मारणे म्हणजे निव्वळ पैसा मातीत घालणे होय. रोगट झाडे लवकर उपटणे, माशीचा बंदोबस्त आणि प्रतिकारक वाण हेच खरे उपाय आहेत. चारकोल रॉट (मूळ-खोड काळे पडून कुजणे) मात्र जमिनीतल्या बुरशीमुळे होतो आणि पावसाने ओढ दिली, की बळावतो.

इंदूरचे कृषी महाविद्यालय ग्वाल्हेरच्या, २००८ साली स्थापन झालेल्या, राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयाशी संलग्न आहे. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्थाही इंदुरातच आहे. प्रवेशापूर्वी मुलीने महाविद्यालयाची प्रयोगशाळा अवश्य पाहावी, आपणही रोगट झाड मुळासकट घेऊन सोबत जावे.